स्टेनलेसचं आर्गन वेल्डिंग घरी शिकताना: जोड काळा पडतो तो आर्क लागायच्या आधीच

टिग म्हणजे आपल्या वर्कशॉपमधलं ‘आर्गन’: हातातल्या टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीपासून पत्र्यापर्यंत विजेचा आर्क धरायचा, आणि भोवती आर्गन गॅस सोडून वितळलेला जोड हवेपासून झाकायचा. नव्याने शिकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: स्टेनलेसवरचा जोड राखाडी आणि खरखरीत होतो, हात काही बसत नाही. हात बसायला वेळ लागतो हे खरं आहे, पण राखाडी जोडाचं कारण हातात क्वचितच सापडतं. ते सफाईत असतं, गॅसमध्ये असतं, टंगस्टनच्या टोकात असतं, नाहीतर आर्क बंद झाल्यावरच्या पाच-सात सेकंदांत असतं. म्हणून या लेखात प्रत्यक्ष वेल्डिंग सातव्या टप्प्यावर येतं. आधीचे सहा टप्पे गाळले, तर सातव्यात काय बिघडलं हे शोधता येणार नाही.

तुमच्याकडे सिंगल फेजवर चालणारी साधी डीसी इन्व्हर्टर मशीन आहे आणि १ ते ३ मिमी जाडीचा पत्रा किंवा पाईप जोडायचा आहे, असं धरून चाललो आहे. ॲल्युमिनियमला एसी मशीन लागते; तो विषय इथे नाही.

## १. जागा आणि अंगावरचे कपडे

सोलापुरात हे काम बहुधा घरामागच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली चालतं, आणि मार्च लागला की तिथे कूलर सुरू होतो. आर्गन कपातून (टॉर्चच्या तोंडावरच्या नळकांड्यातून) अगदी संथ खाली येतो, त्यामुळे कूलरचा झोत त्याला सहज उडवून लावतो. उन्हाळ्यात पहाटे बसा. ते जमत नसेल तर कूलरचं तोंड भिंतीकडे वळवा आणि टेबलाच्या तीन बाजूंना आडोसा करा.

तपासणी: कामाच्या जागी एक अगरबत्ती लावून बघा. धूर वीतभर तरी सरळ वर जायला हवा. तो लगेच आडवा होत असेल तर जोड काळा पडणार, हे आत्ताच समजा.

झोत नको म्हणून खोली बंद करून बसणं मात्र त्याहून वाईट. आर्गन हवेपेक्षा जड आहे, त्याला वास नाही, आणि खड्ड्यात किंवा टाकीत तो साचून राहतो. शिवाय स्टेनलेसच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, जे फुप्फुसांसाठी घातक आहे. दार उघडं ठेवा आणि डोकं धुराच्या वाटेत आणू नका.

सावधान: सोलापूरच्या पूर्व भागात अजूनही कितीतरी घरांत माग आणि राहणं एकाच छताखाली आहे. मागाखाली आणि तुळयांवर सुताचे तंतू साचलेले असतात. त्या खोलीत वेल्डिंग नको आणि ग्राइंडर तर मुळीच नको.

उकडतं म्हणून बनियनवर बसणारे अनेक आहेत. स्टेनलेसचा चकचकीत पत्रा अतिनील किरण खालून परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि गळ्यावर भाजतं. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाला, कॉलरचं बटण लावा. पॉलिस्टर अंगावर नको. हातात पातळ चामड्याचे मोजे हवेत, कारण जाड मोज्यांत रॉड (जोडात वितळवून भरायची कांडी) सरकवता येत नाही. १०० अँपिअरच्या खाली ९ किंवा १० नंबरची काच पुरते. स्वस्त ऑटो हेल्मेट कमी अँपिअरच्या टिगवर कधी कधी काळं होतच नाही, म्हणून विकत घेताना ते किती अँपिअरपासून चालतं ते विचारा. डोळ्यांना आर्क लागला तर लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळे खुपायला आणि गळायला लागतात.

## २. माल ओळखा, मग रॉड घ्या

दुकानात ‘एसएस’ म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण तसं नाही. रेलिंगचा पाईप बऱ्याचदा २०२ या जातीचा असतो. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ४३० ला लोहचुंबक घट्ट चिकटतो. पण चुंबक लावून २०२ आणि ३०४ यांत फरक कळत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. पाईपवरचा शिक्का वाचा, आणि शिक्का नसेल तर ३०४ आहे असं धरू नका.

रॉड असे जुळवा:

- ३०४ ला ३०८एल. २०२ लाही तोच चालतो.
- ३१६ ला ३१६एल.
- स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९एल.

‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच. तो महत्त्वाचा आहे, कारण साधारण ४५० ते ८५० अंश तापमानात स्टेनलेस फार वेळ राहिलं तर कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि जोडाच्या कडेने गंज लागतो. घरगुती कामाला १.६ मिमीचा रॉड पुरे. १ मिमी पत्र्याला १.२ मिमीचा मिळाला तर उत्तम.

सावधान: गॅल्व्हनाइज्ड पाईपला स्टेनलेस जोडायच्या फंदात पडू नका. जस्ताचा धूर ताप आणतो आणि वितळलेलं जस्त स्टेनलेसमध्ये शिरून तडे पाडतं.

सरावाला नवा पत्रा घेऊ नका. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे पट्ट्यांचे तुकडे भंगाराच्या भावात मिळू शकतात. १६ गेज (सुमारे १.६ मिमी) मागा. २० गेजवर शिकायला बसाल तर भोकांशिवाय काही दिसणार नाही.

## ३. मशीनची जोडणी

टॉर्च ‘वजा’ला, अर्थ क्लॅम्प ‘अधिक’ला. साध्या रॉड वेल्डिंगहून (ज्यात आर्क रॉडलाच लागतो) आलेली माणसं हमखास उलट जोडतात. उलट जोडलं की टंगस्टनचं टोक काही क्षणांत गोळा होतं. असं झालं तर अँपिअर कमी करत बसू नका, केबल बघा.

वीज किती लागेल याची भीती उगाच असते. ६० अँपिअरला टिगचा आर्क साधारण १२ व्होल्टवर चालतो, म्हणजे पाऊण किलोवॉटचं काम. मशीनमधला तोटा धरूनही चांगला १६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. मात्र त्या पॉइंटला खरं अर्थिंग असायला हवं. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट (टंगस्टन न टेकवता आर्क लावायची सोय) असेल तर मोबाइल आणि वायफायचा डबा टेबलापासून दूर ठेवा.

अर्थ क्लॅम्प थेट जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला लावा. रंगवलेल्या टेबलाच्या पायाला लावला तर आर्क भटकतो आणि दोष टंगस्टनला दिला जातो.

## ४. गॅस

शुद्ध आर्गन हवा, ९९.९९ टक्के किंवा त्याहून वर. मिगसाठीचा (तार आपोआप सरकणाऱ्या वेल्डिंगचा) कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस टिगला चालत नाही; त्यात टंगस्टन लगेच काळा पडून जळतो. सिलिंडर भरून आणताना हे एकदा तोंडाने सांगा आणि लेबलही वाचा.

सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. वाहतुकीत टोपी घातलेलीच हवी. स्कूटरवर आडवा टाकून आणायची वस्तू नाही ही.

प्रवाह ६ नंबरच्या कपाला मिनिटाला ६ ते ८ लिटर, आणि गॅस लेन्ससह (गॅस एकसारखा सोडणारी जाळी) ८ नंबरच्या कपाला ८ ते १० लिटर. कपाचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग, तेव्हा ६ नंबरचा कप साडेनऊ मिमीचा. जोड काळा पडला की गॅस वाढवायचा ही इथली सगळ्यात महागडी सवय आहे. गॅस फार जोरात सोडला की तो कपाच्या तोंडाशी घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. १५ लिटरवर जोड ८ लिटरपेक्षा घाण दिसू शकतो. सात घनमीटरचा सिलिंडर ८ लिटरने सुमारे साडेचौदा तास चालतो, दीड घनमीटरचा जेमतेम तीन. तेवढ्यावरून सिलिंडर किती मोठा घ्यायचा ते ठरवा.

तपासणी: गॅसच्या नळीच्या सगळ्या जोडण्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे म्हणजे गळती. मग स्वच्छ घासलेल्या तुकड्यावर एका जागी तीन सेकंद आर्क धरा, बंद करा आणि गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथेच ठेवा. ठिपका चकचकीत असेल तर पुढे जा. काळा किंवा खड्डेदार असेल तर पुढे जाऊ नका: गळती, वारा, टॉर्चच्या बॅककॅपचं (मागच्या टोपीचं) रबर, कप, या क्रमाने शोधा. बॅककॅपचं रबर चिरलेलं असणं हे कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

## ५. टंगस्टन

१.६ मिमीचा, सोनेरी किंवा निळ्या टोकाचा, म्हणजे लँथनमचा घ्या. लाल टोकाचा थोरियमचा असतो. त्याची घासताना उडणारी धूळ किंचित किरणोत्सर्गी असते, आणि छंदासाठी ती श्वासात घ्यायचं काही कारण नाही. हिरवा डीसी स्टेनलेसला नको.

टोक काढताना निमुळता भाग जाडीच्या दोन ते अडीचपट लांब ठेवा, म्हणजे १.६ ला साधारण ४ मिमी. चाकावर टंगस्टन असा धरा की ओरखडे लांबीच्या दिशेने पडतील. आडवे ओरखडे पडले की आर्क टोकावरून गोल फिरत राहतो. हे चाक टंगस्टनपुरतंच वेगळं ठेवा. लोखंड घासलेल्या चाकावर टोक काढलं तर तेच लोखंड जोडात जाणार. चष्मा आणि मास्क लावा.

कपाबाहेर टंगस्टन ५ मिमीच्या आसपास. कोपऱ्यात जायचं म्हणून तो १५ मिमी बाहेर काढतात, तेव्हा गॅस टोकापर्यंत पोचत नाही.

तीन-चार टंगस्टन एकदम घासून ठेवा. का, ते सातव्या टप्प्यात कळेल.

## ६. सफाई, जुळणी, टाके

या टप्प्यात घाई होते आणि इथेच जोड हरतो. क्रम असा:

१. कापल्यानंतर कडेला उरलेली धारदार कूस कानसीने काढा.
२. जोडाच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, २० मिमीपर्यंत फक्त स्टेनलेससाठी ठेवलेल्या ब्रशने किंवा फ्लॅप डिस्कने घासा.
३. नंतर ॲसिटोनने पुसा. तेलकट घाण न पुसता घासलं तर तेल पत्र्यात चोळलं जातं, म्हणजे तशी घाण असेल तर पहिला हातही पुसण्याचाच हवा आणि शेवटचा तर पुसण्याचाच.
४. रॉडही पुसा. फडकं काळं झालेलं बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.
५. ॲसिटोन पूर्ण उडू द्या आणि बाटली झाकून दुसऱ्या खोलीत ठेवा. मगच आर्क.

पुसायला टेरी टॉवेलची कातरणं वापरू नका. सोलापुरात ती फुकट मिळतात हे ठीक, पण त्यांचे तंतू सुटून जोडात अडकतात. जुनी सुती चादर धुऊन फाडा.

ब्रशबद्दल एकदाच सांगतो: ज्या ब्रशने लोखंड घासलं, तो स्टेनलेसला लावायचा नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके येतात. दोष मात्र ‘माल खराब’ म्हणून दुकानदाराला जातो.

सावधान, आणि हे जिवाचं आहे: ब्रेक क्लीनर किंवा कुठलंही क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट सफाईला वापरू नका. कपड्यांवरचे डाग काढायला जी द्रावणं वापरतात त्यातली काही ट्रायक्लोरोइथिलीन किंवा परक्लोरोइथिलीनची असतात, आणि गारमेंटच्या गावात ती घरात असणं अवघड नाही. आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यांच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर नाव नसलेलं द्रावण टेबलाजवळही नको.

आता जुळणी. स्टेनलेस उष्णता पुढे वाहून नेत नाही, साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच नेतं, आणि फुगतं मात्र जवळपास दीडपट. त्यामुळे पत्रा वाकतो आणि फट उघडते. पातळ पत्र्यात फट शून्य ठेवा. उजेडाकडे धरून बघा, प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा कानस. टाके, म्हणजे पत्रे जागेवर धरून ठेवणारे छोटे जोड, १.५ मिमी पत्र्याला दर २०-२५ मिमीवर, आधी मध्ये, मग दोन टोकांना, मग उरलेल्या जागांच्या मध्ये. एका टोकाकडून ओळीने टाके मारत गेलात तर दुसऱ्या टोकाला पत्रे एकमेकांवर चढलेले दिसतील. प्रत्येक टाक्यानंतरही गॅस थांबेपर्यंत टॉर्च हलवायचा नाही, आणि टाके काळे पडले असतील तर त्यांच्यावरून वेल्डिंग करायचं नाही, घासून काढायचे.

## ७. आर्क

अँपिअर, सपाट जोडासाठी: १ मिमीला ३०-४०, १.५ ला ४५-६०, २ ला ६०-८०, ३ ला ९०-११०. कोनातल्या जोडाला थोडे जास्त.

पहिलं काम, रॉड नको. टॉर्च उभ्यापासून १५-२० अंश मागे कलता, टोक पत्र्यापासून दीड-दोन मिमी वर. आर्क लावा आणि थांबा. दोन-तीन सेकंदांत ४-५ मिमीचं वितळलेलं डबकं दिसलं पाहिजे. ते दिसल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, आणि दिसल्यावर रेंगाळायचं नाही.

इथे बहुतेक सगळे उलट शिकतात. पत्रा जळतोय, रंग काळा येतोय, म्हणून अँपिअर कमी करतात. मग डबकं उशिरा तयार होतं, हात हळू चालतो, आणि तेवढा वेळ उष्णता आजूबाजूला पसरत राहते. ढोबळ हिशोब करून बघा. ६० अँपिअर, १२.४ व्होल्ट, सेकंदाला २ मिमी वेग: दर मिमीला ३७२ ज्यूल. ४० अँपिअर, ११.६ व्होल्ट, सेकंदाला १ मिमी: दर मिमीला ४६४ ज्यूल. अँपिअर एक तृतीयांशाने घटले आणि पत्र्यात उष्णता पाव पटीने वाढली. स्टेनलेसचा रंग अँपिअर उतरवून सुधारत नाही, वेग वाढवून सुधारतो. डबकं पटकन येईल एवढे अँपिअर ठेवा आणि पुढे निघा.

टॉर्चचा हात टेबलावर किंवा दुसऱ्या पट्टीवर टेकवलेला असावा आणि पूर्ण लांबी सरकला पाहिजे. आर्क न लावता एकदा शेवटपर्यंत हात फिरवून बघा. निम्म्यात कोपर अडकत असेल तर जॉब फिरवा. केबल खांद्यावरून घ्या.

दुसरं काम, बाहेरचा कोपरा. दोन पट्ट्या काटकोनात, कडेला कड लावून, रॉड न घालता कडा एकमेकींत वितळवा. पहिला खरा जोड हाच असावा. सगळे आधी समोरासमोरचा जोड करायला जातात आणि भोकं पाडून घेतात.

तिसरं काम, रॉड. रॉड पत्र्याशी १५ अंशात, जवळजवळ आडवा. तो आर्कमध्ये घालायचा नाही, डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा. टेकवा, मागे घ्या, पुढे सरका. मागे घेताना टोक गॅसच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. तापलेलं टोक हवेत गेलं की काळं पडतं, आणि पुढच्या वेळी तीच काजळी जोडात जाते. टोक काळं दिसलं तर पक्कडीने तोडा. बोटांनी रॉड पुढे ढकलायचा सराव आर्कविना करा, बातम्या बघत बसलात तरी चालेल. रॉडचं मागचं टोक आधी वाकवून ठेवा, कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून.

टंगस्टन डबक्याला लागणारच, पुन्हा पुन्हा. लागला की थांबा, घासलेला दुसरा टंगस्टन लावा, आणि जॉबवरचा तो ठिपकाही घासून काढा. ‘एवढा रन (जोडाची सलग ओळ) संपवू, मग बघू’ असं केलं की पुढचा सगळा रन वाया जातो.

तपासणी: दोन रनच्या मध्ये जॉबवर पाण्याचा थेंब टाका. चरचरला तर थांबा. सात-आठ तुकडे आलटून पालटून वापरले तर थांबायची वेळ येत नाही.

कुणाच्या शेजारी बसून शिकायचं असेल तर गळीत हंगामाच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या दुरुस्तीची कामं निघालेली असतात, आणि चांगल्या आर्गनवाल्याला मान वर करायला फुरसत नसते.

## ८. थांबणं

जोडाच्या शेवटी आर्क एकदम तोडला तर खळगा राहतो आणि त्यात चांदणीसारखी बारीक तडा पडते. शेवटी रॉडचा एक जास्तीचा थेंब द्या, आणि मशीनला डाउनस्लोप (करंट हळूहळू उतरवायची सोय) असेल तर तो दोन-तीन सेकंदांवर ठेवा. नसेल तर शेवटचे काही मिमी वेग वाढवत आर्क कडेकडे न्या.

मग हात हलवायचा नाही. पोस्टफ्लो, म्हणजे आर्क विझल्यावरही चालू राहणारा गॅस, दर १० अँपिअरला एक सेकंद, पण पाच सेकंदांपेक्षा कमी कधीच नको. आर्क विझला की टॉर्च वर उचलून जोड बघायची इच्छा होते. तापलेल्या जोडावरून गॅस निघून जातो तो त्याच क्षणी.

तपासणी: काम झाल्यावर टंगस्टन चंदेरी हवा. निळा-जांभळा असेल तर पोस्टफ्लो कमी पडतोय.

## ९. मागची बाजू

समोरून सुंदर आणि मागून काळी, फुललेली, दाणेदार खडी. पूर्ण वितळलेल्या जोडाच्या मागे आर्गन नसेल तर हेच होणार. रॅकचा ब्रॅकेट असेल तर चालवून घ्या. पाणी, दूध किंवा खाण्याच्या वस्तूला लागणाऱ्या जोडात नको. त्या खडीत घाण अडकते आणि तिथूनच गंज सुरू होतो.

सपाट पत्र्याला खाली तांब्याची जाड पट्टी घट्ट आवळा, बरंच काम होतं. पाईपला आतून आर्गन भरावा लागतो. दोन्ही टोकं ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करा. गॅस खालून आत सोडा आणि हवा निघायला वर छोटं भोक ठेवा, कारण जड आर्गन खालून भरत जातो. ५० मिमी व्यासाच्या एक मीटर पाईपमध्ये सुमारे २ लिटर हवा असते. तिच्या पाचपट, म्हणजे १० लिटर गॅस जाऊ द्या. ५ लिटरच्या प्रवाहाने दोन मिनिटं. मग प्रवाह २-३ लिटरवर आणा आणि वेल्डिंग सुरू करा. वरचं भोक बंद झालं तर आतला दाब शेवटच्या टाक्याला डबकं तुमच्या अंगावर फुंकेल.

## १०. रंग वाचा, मग साफ करा

चंदेरी किंवा फिकट सोनेरी उत्तम. निळा आला तर उष्णता थोडी जास्त. राखाडी, काळा, खरखरीत असेल तर गॅस किंवा वेग चुकला आहे. घासून चमकवण्याआधी हा रंग नीट बघा, कारण पुढच्या जोडात काय बदलायचं ते तोच सांगतो. सरावाचा तुकडा शिकंज्यात धरून जोडावर वाकवूनही बघा. जोड फाटला तर आतपर्यंत वितळलं नव्हतं.

बाजारात मिळणाऱ्या पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत जातं, आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. घरात, मुलाबाळांत ती आणू नका. रंग स्टेनलेसच्या ब्रशने किंवा बारीक फ्लॅप डिस्कने काढा. मग किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, अर्धा तास जोडावर ओलं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. यानं काळा थर निघत नाही, तो आधीच घासलेला हवा; पृष्ठभागावर रुतलेलं लोखंड मात्र विरघळतं.

शेवटी जोडावर ओलं सुती फडकं रात्रभर ठेवा. पाणी आरओचं घ्या, बोअरचं खारं पाणी स्वतःचेच डाग सोडतं. सकाळी तांबूस ठिपके दिसले तर लोखंडाचे कण राहिलेत: ब्रश बदला, तेवढा भाग पुन्हा घासा, पुन्हा सायट्रिक लावा आणि फडकं परत ठेवा.